राक्षसाची काठिण्यपातळी

गुप्ते, ठोंबरे मास्तर, जनूशेठ भोईर आणि टेकचंद हे चौघे पहिल्यांदा मेले ते एका रविवारी सकाळी पावणेअकरा वाजता, चहा यायच्या आधी.

चहा आला तेव्हा चौघेही आपापल्या मरणाला मला जबाबदार धरून बसले होते. मालिनीने, म्हणजे माझ्या पत्नीने, ट्रे टेबलावर ठेवला आणि विचारलं, "काय झालं? असे का बसलात सगळे?"

"आम्ही वारलो, वहिनी," गुप्ते म्हणाले.

"अगंबाई! मग बिस्किटं परत नेऊ का?"

हा सगळा खेळातला मामला आहे हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर वाचकांपैकी एखादा जबाबदार नागरिक पोलिसांत जायचा. झालं होतं असं की चौऱ्याण्णव साली माझा मेहुणा अमेरिकेहून आला आणि त्याने माझ्यासाठी एक खोका आणला. मी दाढीचं यंत्र मागितलं होतं. खोक्यात निघाले एक जाडजूड पुस्तक आणि एक वीस तोंडांचा फासा. पुस्तक वाचल्यावर खेळ कळला तो असा: एकाने सूत्रधार व्हायचं आणि सांगायचं, तुम्ही गुहेत आहात, समोर अमुक उभं आहे. बाकीच्यांनी वीर व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. ना पट, ना सोंगट्या, सगळा कारभार तोंडी. म्हणजे आपल्या स्वभावाला अगदी अनुकूल.

मी एक हिवाळा खर्चून त्या पुस्तकाचा मराठीत अनुवाद केला. कारखान्यातल्या जुन्या शिफ्ट-रिपोर्टांच्या पाठकोऱ्या बाजूवर, तीनशे बारा पानं. दोनशे राक्षस आमच्या बदलापूरच्या हवेत रुळवले. परदेशी दांडगा राक्षस होता त्याला खवीस केलं, खुज्या टोळीला बुटके केलं, आणि आग ओकणाऱ्या पंखवाल्या प्राण्याला, बराच विचार करून, अग्न्यजगर हे नाव दिलं. या शब्दाचा मला आजही अभिमान आहे. उच्चार कोणालाही जमत नाही.

खेळायला जागा हवी होती. आमच्या 'नवप्रभात' सोसायटीत पाण्याच्या पंपावर एक खोली आहे. कागदोपत्री तिचं नाव बहुउद्देशीय कक्ष. उद्देश तीन: चुन्याची पोती, एक बेवारस सायकल आणि गणपतीचं मखर. मी अर्ज केला. सेक्रेटरी गुप्ते जिल्हा कचेरीत नोकरीला, त्यामुळे कोऱ्या कागदावरचा अर्ज त्यांना अर्ज वाटत नाही. त्यांनी नमुना करून दिला. 'कार्यक्रमाचे स्वरूप' या रकान्यात मी लिहिलं: राक्षसवध. गुप्त्यांनी ते 'धार्मिक' या सदरात घातलं, कारण धार्मिक कार्यक्रमाला हरकत घ्यायची सोय उपविधीत नव्हती. आणि मग काय प्रकार आहे ते बघायला स्वतःच खेळायला बसले.

दुसरे ठोंबरे मास्तर. अंबरनाथच्या शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवून अलीकडेच निवृत्त झालेले. तिसरे जनूशेठ भोईर; आमची इमारत ज्यांच्या भातशेतावर उभी आहे आणि ज्यांना अजूनही जिन्यातून जाताना 'इथं आमचा बांध व्हता' असं म्हणायची सवय आहे ते. चौथा टेकचंद. त्याचा उल्हासनगर कॅम्प चारला बटणांचा कारखाना. तो आमच्यात आला फाशामुळे. मूळचा फासा दुसऱ्याच दिवशी खिडकीतून पाण्याच्या टाकीत गेला, आणि वीस तोंडांचा फासा बनवून देईल असा माणूस उल्हासनगरशिवाय कुठे मिळणार? टेकचंदने चार दिवसांत आणून दिला. "इम्पोर्टेडपेक्षा सरस आहे, साईं," म्हणाला. होताच. फक्त हात बसलेला असल्यामुळे त्याच्या कारागिराने फाशाच्या मधोमध दोऱ्यासाठी चार भोकं पाडली होती.

तर चौघे मेले कसे? गुहेत आधी वटवाघूळ आलं. ते महाभयंकर आहे असं मी सांगितलं. त्यांनी मारलं. मग एक घूस आली. ती अक्राळविक्राळ आहे असं सांगितलं. मारली. मग अग्न्यजगर आला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की 'महाभयंकर' वटवाघळावर आणि 'अक्राळविक्राळ' घुशीवर खर्च झालेलं आहे. शिलकीत 'प्रचंड' होतं. ते मी वापरलं, पण आमच्याकडे गर्दी, उकाडा आणि सासूबाईंचा आत्मविश्वास हे सगळंच प्रचंड असतं. कोणी दचकलं नाही.

"याच्यावर धावून जायच्या आधी विचार करा," मी सुचवलं.

"विचार कसला?" मास्तर म्हणाले. "पेपरात आलाय म्हणजे सिलॅबसमधलाच असणार. सुटण्यासारखा नसता तर तुम्ही घातलाच नसता."

एका फुत्कारात चौघे.

आता माझी अडचण समजून घ्या. माझा पोटापाण्याचा व्यवसायच धोका कळवण्याचा आहे. अंबरनाथच्या आनंदनगरला एका रंगाच्या कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर. अकरा वर्षांत मी अकरा बोर्ड लावले, दोन भाषांत, लाल अक्षरांत, कवटीसह. ॲसिडच्या टाकीवरच्या बोर्डाला जो खिळा आहे त्याला वांगणीच्या डोंगरातून येणारा वाळू आपला जेवणाचा डबा टांगतो. मी एकदा त्याला विचारलं, "वाळू, बोर्डावर काय लिहिलंय?" तो म्हणाला, "साहेब, अकरा वर्षं झाली, तेच लिवलंय." तो बरोबरच होता. पण निदान माझ्या स्वतःच्या गुहेत तरी लोकांना धोका कळावा, एवढी माझी माफक अपेक्षा होती.

दुसऱ्या रविवारी मी विशेषणं सोडून आकड्यांवर आलो. प्रत्येक राक्षसाला शंभरपैकी गुण. वटवाघूळ चार, खवीस पस्तीस, अग्न्यजगर नव्वद. इतकं स्वच्छ गणित, आणि समोर साक्षात गणिताचे मास्तर.

"खवीस पस्तीस?" मास्तर म्हणाले. "म्हणजे काठावर पास. चला पुढे." खविसाने त्यांना असं आपटलं की त्यांचा निम्मा जीव गेला. मग नव्वदवाला आला. मास्तर हरखले. "नव्वद! अहो हा तर बोर्डात येणारा. हुशार मुलं मारामारी करत नाहीत. याच्याशी बोलू या."

टेकचंदने दुसऱ्याच बाजूने तोच निष्कर्ष काढला. "नव्वद बोललात ना खांबेटे साब? मी आकडा ऐकतो ना, आधी आधा करतो. नव्वद बोलणारा माणूस पंचेचाळीसला देतो. पहिला भाव कोण पकडतो?"

जनूशेठचा तर आकड्यांवर विश्वासच नव्हता. "खवीस आमचे शेतावर पन व्हता. त्याला कोंबरा दिला का जातं. ह्यो अजगर काय खातं त्या सांग, बाकी नंबर तुझे तुला."

पुन्हा चौघे. या वेळी निदान चहा झाला होता.

ही बातमी सोसायटीत पसरली. लोकांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. तळमजल्यावरच्या बनूबाईंनी राक्षसांची उंची फुटात सांगायला सुचवलं. त्यांच्या यजमानांचं मत पडलं की राक्षसांचं वजन महत्त्वाचं. मालिनी म्हणाली, "तुम्ही सांगताना चेहरा घाबरलेला करा." मी आरशासमोर सराव केला. तिने बघितलं आणि म्हणाली, "राहू द्या. हा तुमचा नेहमीचाच आहे."

शेवटी गुप्त्यांनी प्रकरण हातात घेतलं. 'राक्षस वर्गीकरण उपसमिती' स्थापन झाली. तिची बैठक झाली, इतिवृत्त झालं, आणि एकमताने असं ठरलं की राक्षसांना शासकीय नियमाप्रमाणे चार वर्ग द्यावेत. वर्ग एक सर्वांत जबरदस्त, वर्ग चार सर्वांत किरकोळ. मला ही कल्पना फार आवडली. या देशात जन्मलेल्या माणसाला याहून सोपी उतरंड कोणती असणार?

तिसरा रविवार. गुहेच्या तोंडाशीच एक बुटका उभा. हातात काठी, कमरेला लंगोटी. "वर्ग चार," मी म्हणालो.

जनूशेठ तलवार उपसून निघाले होते. गुप्त्यांनी त्यांचा दंड धरला. "जनूशेठ, थांबा! वर्ग चारशी वाकडं घ्यायचं नाही. आमच्या कचेरीत साहेब बदलतात, शिपाई बदलत नाही. फाईल कुठे आहे ते फक्त त्याला माहीत असतं."

"बराबर बोलतो," टेकचंद म्हणाला. "माझं लायसन तीन महिने अडकलं होतं. साहेबाने नाही अडकवलं."

चौघांनी त्या बुटक्याला नमस्कार केला, त्याच्या मुलाबाळांची चौकशी केली, तंबाखू दिली आणि भिंतीला पाठ घासत पुढे गेले. वर्ग तीनच्या वेताळापुढे थोडे सैलावले. वर्ग दोनच्या खविसाला 'नंतर भेटू' म्हणाले. आणि अग्न्यजगर समोर आल्यावर मी गंभीर आवाजात 'वर्ग एक!' म्हणताच चौघांच्याही चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला.

"साहेब आहे," गुप्ते म्हणाले. "हा काय, सहीपुरता."

"आणि आज रविवार," मास्तर म्हणाले. "नुसता नावाला बसला असेल."

जनूशेठनी अग्न्यजगराच्या शेपटीवर पाय ठेवला. "साहेब, जरा सरका" हे त्यांचे शेवटचे शब्द.

त्यानंतरच्या शनिवारी संस्थेची सर्वसाधारण सभा होती. आठवा विषय: बहुउद्देशीय कक्ष. दुसऱ्या मजल्यावरचा सोमा गायकर उठला. त्याच्या मागे आठ जणांचा कॅरम गट होता, आणि त्यांनी कॅरम बोर्ड पुरावा म्हणून सभेत आणला होता.

"खांबेटे काका, एक विचारू का? तुमच्या खेळात जिंकतं कोण?"

"अजून कोणी नाही."

"आमच्या कॅरममध्ये दर वीस मिनिटांनी कोणीतरी जिंकतो."

टाळ्या पडल्या. माझ्याच चार वीरांपैकी दोघांनी वाजवल्या. मग गुप्त्यांनी ठराव वाचला: येत्या रविवारी राक्षसाचा बंदोबस्त होऊन पथकातील सर्व सभासद सुखरूप परतल्यास खोली आहे तशी चालू ठेवावी, एकही सभासद दगावल्यास खोली कॅरमला द्यावी व सदर पुस्तक, सायकलीसह, माळ्यावर ठेवावे. ठराव मंजूर झाला. खाली उतरताना जिन्यात गुप्ते माझ्या कानाशी आले आणि सहानुभूतीने म्हणाले, "खांबेटे, तुमचं कारखान्यात कामच हे आहे ना हो? लोकांना धोका कळवायचं?"

माणसाला चार लोकांत मारावं, पण जिन्यात असं बोलू नये.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, सकाळी सातलाच मी पंपाच्या खोलीच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. दहाला खेळ होता. अग्न्यजगराचं वर्णन तीन पानी केलं होतं, त्यात अकरा उपमा होत्या, आणि एकही उपयोगाची नाही हे मला कळत होतं. खालच्या पायरीवर पुतळीबाई कंटोल्यांचे वाटे लावत होती. बारवीकडच्या एका डोंगरपाड्यावरून ती दर रविवारी येते, भाजी विकते आणि आमच्या खोलीतलं सगळं ऐकते.

"का ओ दादा," तिने वर न बघता विचारलं, "आज कोन मेला नाय अजून?"

"दहा वाजता," मी म्हणालो. मग मला काय वाटलं कोण जाणे, मी विचारलं, "पुतळीबाई, तुमच्या पाड्यावर बिबट्या येतो ना?"

"वाघ? येतो की. सांजचा येतो, कोंबड्या नेतो."

"मग तो केवढा आहे, किती धोक्याचा आहे, हे तुम्ही एकमेकांना सांगता कसं?"

तिने आता वर बघितलं. शहाण्या माणसाने मुलाखतीला आलेल्या उमेदवाराकडे बघावं तसं. "कोन सांगतंय? जो मापं घेत उभा ऱ्हायला तो सांगाया आलाच नाय."

"मग कळतं कसं?"

"कुत्रा हाये ना. कुत्रा भुकत पुढं गेला का कोल्हा नायतर मुंगूस, आपला आपन जेवत ऱ्हायचा. भुकत भुकत मागं आला का डुक्कर. मंग काठी घ्यायची, चार मानसं बोलवायची. आन भुकायचाच थांबला, येऊन पायावर बसला, का मंग बोलायचा नाय. दार लावायचा."

"पण माणसं सांगत नाहीत? माणसाला जास्त कळतं."

"मानूस भिला तरी सांगतो नाय भिलो. तुमचे वरचे चौघं बगा." तिने कंटोल्यांवर पाणी शिंपडलं. "कुत्र्याला लाज नाय."

मी तीन पानं घडी करून खिशात घातली.

दहाला मंडळी जमली. सोमा आणि त्याचा गट कॅरम बोर्ड, स्टँड आणि पावडरचा डबा घेऊन भिंतीशी उभाच होता, हॉस्पिटलात खाटेची वाट बघणाऱ्या नातेवाइकांसारखा. मी जाहीर केलं की आजपासून पथकाबरोबर एक कुत्रा असेल. नाव डांबऱ्या.

"हरकत आहे," गुप्ते म्हणाले. "उपविधी चौदा. संस्थेच्या आवारात कुत्रा पाळण्यास मनाई."

"अहो, काल्पनिक कुत्रा आहे."

"उपविधीत काल्पनिक आणि वास्तव असा भेद केलेला नाही."

"कुत्रा गुहेत राहील. गुहा आवारात येत नाही."

"गुहा टेबलावर आहे," मास्तर म्हणाले, "आणि टेबल आवारात आहे. म्हणून कुत्रा आवारात आहे. सिद्ध झालं."

यात पंचवीस मिनिटं गेली. सोमाने पावडरचं झाकण उघडून बघितलं. शेवटी जनूशेठनी टेबलावर हात आपटला. "कुत्रा माझे नावावर लिवा! अख्खी जमीन माझी व्हती तवा कुनी इचारला नाय, आता एक कुत्र्याला इचारताव?" डांबऱ्याची नोंद 'श्री. भोईर यांजकडील पाहुणा' अशी झाली. पाहुण्यांना तीन दिवसांची मुभा आहे.

मग मी दारात जाऊन पुतळीबाईला खेळायला बोलावलं. पथकाला वाटाड्या हवा होता. तिची एकच अट होती. "खाली नाय बसनार. खुर्ची द्या." खुर्ची आली. भाजी मालिनीने सांभाळायला घेतली आणि खेळ सुरू झाला. काम असं होतं: पाच गावांच्या डोक्यावरच्या गुहेत राक्षस शिरलाय, भात कापणीला यायच्या आत त्याचा बंदोबस्त करायचा.

वटवाघूळ आलं. मी विशेषण काढलं नाही. म्हणालो, "डांबऱ्या भुंकत पुढे धावला. शेपूट वर."

"कोल्हामुंगूस," पुतळीबाई म्हणाली. "जेवत ऱ्हावा." मास्तरांनी ते एका हाताने उडवलं.

बुटक्यांची टोळी आली. "डांबऱ्या दोन पावलं पुढे, एक मागे." टेकचंदचे डोळे चमकले. जिथे एक पाऊल पुढे-मागे आहे तिथे सौदा आहे हे त्याला कोणी शिकवायला नको. त्याने त्या टोळीला पितळी बटणं दाखवली आणि वाट मोकळी करून घेतली. लंगोटीवाले लोक बटणं लावणार कशाला, हे मी विचारलं नाही. ते टेकचंदनेही त्यांना विचारू दिलं नव्हतं.

खवीस आला. "डांबऱ्या भुंकतोय, पण मागे सरकत सरकत. पाठीवरचे केस उभे."

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. कोणी पस्तीस टक्के म्हणालं नाही, कोणी वर्ग विचारला नाही. "चार मानसं," पुतळीबाई म्हणाली. चौघे एकत्र उभे राहिले आणि मधून जनूशेठनी कोंबडा पुढे केला. फासा चौदा पडला. खवीस कोंबडा घेऊन गेला. "सांगितला व्हता ना!" जनूशेठ गरजले. तीन आठवडे ते या कोंबड्यासाठी जीव तोडून सांगत होते, आणि जीव देतही होते.

मग गुहेचं शेवटचं वळण. मी पाणी प्यायलो. खिशातली तीन पानं खिशातच होती.

"डांबऱ्या भुंकायचा थांबला," मी म्हणालो.

गुप्त्यांनी इतिवृत्ताचं पेन खाली ठेवलं.

"तो वळला. शेपूट पायांत घातली. आणि जनूशेठच्या डाव्या पायावर येऊन बसला."

जनूशेठनी आपला डावा पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतला. मास्तरांनी टेबलाखाली वाकून बघितलं. भिंतीशी उभ्या असलेल्या सोमाच्या गटातले दोघे जण एक पाऊल मागे सरकले. खालचा पंप चालू होता तो नेमका तेव्हाच कोणीतरी बंद केला.

"हे सिलॅबसबाहेरचं आहे," मास्तर पुटपुटले.

"इसमें भाव नहीं होगा, साईं," टेकचंद कुजबुजला. "ये फिक्स रेट है."

"अर्ज मागे घेऊ या," गुप्ते म्हणाले.

मला उभं राहून ओरडावंसं वाटत होतं. अकरा वर्षं, अकरा बोर्ड, तीनशे बारा पानं, आणि आज प्रथमच चार सुशिक्षित माणसांना समोर धोका आहे हे माझ्याकडून कळलं होतं! पण सूत्रधाराने चेहरा कोरा ठेवायचा असतो. माझा नेहमीचा घाबरलेला असल्यामुळे तेही साधलं.

"मंग काय पलायचा?" जनूशेठ दबक्या आवाजात म्हणाले. "पाच गावांचा भात?"

"पलायचा कशाला?" पुतळीबाई म्हणाली. "दार लावायचा. तो आत हाये. आपन भायेर निघायचा."

ही गोष्ट मूळ पुस्तकात नव्हती. दोनशे राक्षस लिहिणाऱ्याला राक्षसाचं दार बाहेरून लावता येतं हे सुचलं नव्हतं. गुहेच्या तोंडाशी एक भलीमोठी शिळा आहे हे मीच सुरुवातीला, निव्वळ वर्णनाच्या हौसेपायी, सांगून ठेवलं होतं. अग्न्यजगर झोपलेला आहे एवढं मी सांगितलं आणि चौघे पेटले. शिळा आवाज न करता सरकावी म्हणून टेकचंदने तिच्या बुडाला मशीनचं ग्रीस लावलं. मास्तरांनी सर्वांना चवड्यांवर चालवलं. झोपलेला वर्ग न उठवता बाहेर पडायचा त्यांना बत्तीस वर्षांचा अनुभव होता. जनूशेठनी खांदा दिला. गुप्ते लाख आणि सुतळी घेऊन तयार होते, कारण नुसती बंद केलेली गोष्ट त्यांच्या मते बंद नसते, ती सीलबंद व्हावी लागते.

"तेरा किंवा वर पडायला हवेत," मी सांगितलं. प्रामाणिकपणे सांगितलं. बारा म्हणायचा मोह झाला होता. "कमी पडले तर शिळा वाजेल आणि तो जागा होईल."

फासा पुतळीबाईने टाकला. तो टेबलावर आपटला, काठावरून खाली गेला, चार भोकांतून शिट्टीसारखा बारीक आवाज काढत फरशीवरून गडगडला आणि सोमाने भिंतीला टेकवून ठेवलेल्या कॅरम बोर्डाच्या मागे जाऊन थांबला.

सोमाने बोर्ड उचलला. खाली वाकला. एवढंच करायचं होतं त्याला. नुसतं बोटाने उलटवून सात म्हणाला असता तरी कोणाला कळलं नसतं, आणि खोली त्याची होती.

"सतरा!" सोमा किंचाळला. "काका, सतरा! लावा दार! लावा लवकर!"

पुढची पाच मिनिटं मला नीट आठवत नाहीत. जनूशेठनी गुप्त्यांना उचललं होतं एवढं नक्की. मास्तर फळ्याच्या अभावी भिंतीवर बोटाने १७ लिहीत होते. पावडरचा डबा कोणीतरी उधळला आणि बहुउद्देशीय कक्ष त्याच्या चौथ्या उद्देशासह पांढराशुभ्र झाला. मालिनी धावत वर आली.

"आता काय झालं?"

"वहिनी, आम्ही जगलो!" गुप्ते हवेतून ओरडले.

त्या दिवशी बिस्किटांचे तीन पुडे उघडले गेले. सोमाने कॅरम बोर्ड आडवा घातला आणि त्यावर कपबशा ठेवल्या. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काका, पुढच्या रविवारी एक जागा होईल का? मी कोणीही होतो. हमाल पण चालेल." मी त्याला रीतसर अर्ज करायला सांगितलं. नमुना गुप्त्यांकडे मिळतो.

फक्त पुतळीबाई शांत होती. ती खुर्चीवर मांडी घालून चहा पीत होती. "सगळी खातायत," ती म्हणाली, "त्या कुत्र्याला कोनी काय दिला?"

खोली ओशाळली. तातडीने नववा ठराव झाला: पाहुणा डांबऱ्या यास कायम सभासदत्व देण्यात यावे, उपविधी चौदा शिथिल करून, आणि त्यास दर रविवारी अर्धी भाकरी. काल्पनिक की खरी, यावर उपसमिती नेमली आहे.

मी मात्र सोमवारी कारखान्यात गेल्या गेल्या ॲसिडच्या टाकीवरचा बोर्ड उतरवला. वाळूचा डबा त्याच्या हातात दिला. टाकीसमोरच्या जमिनीवर पिवळ्या पट्ट्याच्या जागी काळ्या रंगाने एक कुत्रा काढला: टाकीकडे पाठ, शेपूट पायांत, तोंड बंद, आणि माणसाच्या बुटांच्या जोडीवर बसलेला. खाली एक अक्षर लिहिलं नाही. वाळूला मी काही समजावलंही नाही. त्याने चित्राकडे बघितलं, टाकीकडे बघितलं आणि डबा दूर खिडकीत नेऊन ठेवला.

पंधरा दिवसांनी मुंबईच्या हेड ऑफिसातून मोठे साहेब पाहणीला आले. वर्ग एकच. चालता चालता बोलत होते, आणि बोलता बोलता टाकीच्या कठड्याला टेकायला निघाले. वाळूने त्यांचा कोट मागून धरला.

"साहेब, मागं या."

"का? काय झालं? बोर्ड तर कुठे दिसत नाही."

"भुकायचा थांबलाय," वाळू म्हणाला.

साहेबांनी खाली बघितलं. त्यांना काय कळलं ते मला माहीत नाही. पण त्यांनी आपला डावा पाय हळूच मागे ओढून घेतला.